जावयाने बसवलेले चार वायसर

मोटारीच्या चाकामागे वायसर कसे बसवावेत, हे मला उत्तम येतं. माझ्या सासुरवाडीला सोळा वर्षं रस्ता मिळाला नाही, त्याचं तेवढं एकच कारण आहे.

(वायसर म्हटल्यावर नटाखाली घालतात ती चिमुकली चकती डोळ्यांपुढे आणू नका. मी म्हणतोय ते वायसर भाकरीएवढे गोल, तीन बोटं जाड, मधून पोकळ आणि अस्सल लोखंडी. चाक काढायचं, मागे हा वायसर घालायचा आणि वरून चाक परत आवळायचं. मग चाक तीन बोटं बाहेर सरकतं. असं करावंसं कुणाला का वाटेल, ते आता सांगतो.)

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी खामगावला एका जिनिंगमध्ये फिटर होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि सुमन, म्हणजे माझी बायको, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. माहेर मेहकर तालुक्यात, डोणगावपासून आत साडेतीन मैल. या साडेतीन मैलांना रस्ता म्हणणारा माणूस एक तर निवडणुकीला उभा असायचा किंवा त्याने तो पाहिलेला नसायचा. काळी माती, आणि त्या मातीत बैलगाड्यांच्या चाकांनी पिढ्यानपिढ्या कोरलेल्या दोन चाकोऱ्या. पावसाळ्यात त्यांत बेडूक राहत. पाऊस संपला की चिखल वाळून दगडासारखा व्हायचा आणि मग पुढचे सात-आठ महिने त्या वीतभर खोल चाकोऱ्या जागच्या हलायच्या नाहीत.

माझे सासरे हरिभाऊ. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात; त्यांची मुलं त्यांना अप्पा म्हणत. मामाजींची वांगी आणि टमाटी डोणगावच्या बाजारात प्रसिद्ध होती. टमाटी जरा जास्तच, कारण ती पोचेपर्यंत त्यांची चटणी झालेली असे. त्यांनी चार वर्षं रस्त्यासाठी अर्ज केले होते. शेवटच्या अर्जात त्यांनी टमाट्यांचा विषय सोडून दिला आणि सरळ लिहिलं, माझी लेक बाळंतपणाला आली आहे, अडलीनडली तर तिला या वाटेने दवाखान्यात कशी न्यावी ते साहेबांनी स्वतः येऊन दाखवावं. हा अर्ज कुणाच्या तरी काळजाला लागला असावा. बांधकाम खात्याचे साहेब रस्ता पाहायला येणार असं पत्र आलं.

मामाजींकडे एक मोटारही होती. बुलढाण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून त्यांनी ती जुनी विलायती मोटार घेतली होती. पण मोटारीची दोन चाकं आणि बैलगाडीची दोन चाकं यांच्या अंतरात फरक! मोटार अरुंद. एक चाक चाकोरीत उतरलं की दुसरं वरंब्यावर चढायचं. सगळी मोटार एका अंगाला कलायची आणि या बाजूचा माणूस त्या बाजूच्या माणसाच्या मांडीत जाऊन बसायचा. मग मोटार घसरायची, दुसरं चाक खाली, पहिलं वर, आणि दोघे मिळून परत इकडे. साडेतीन मैलांत आपण किती वेळा कुणाच्या मांडीवर बसलो, हे सांगणं सभ्य माणसाला कठीण जाई.

आता एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही. मामाजींच्या घरात जावयाला बोलायची पद्धत नव्हती. जावई म्हणजे देव. पण देवाचाही राग येतोच. म्हणून मामाजींनी तोड काढली होती. मला द्यायच्या शिव्या ते त्यांच्या मुलाला, गजाला देत. गजा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, सुमनच्या पाठचा. एकदा मी विहिरीचा रहाट सुधारायला घेतला आणि तो विहिरीत पडला. गजा तेव्हा मेहकरला गेला होता. मामाजी संध्याकाळपर्यंत गप्प बसले, गजा एसटीतून उतरून घरी आला, त्याने चप्पल काढली आणि मग मामाजी बोलले. अर्धा तास बोलले. गजा मान खाली घालून ऐकत होता आणि मधून मधून माझ्याकडे पाहून मान हलवत होता, की पोचलं ना?

दिवाळीत मी सुमनला माहेरी सोडायला आलो, तेव्हा डोणगावहून आम्ही याच मोटारीने आलो होतो. सगळ्या वाटेत ती अशी बसली होती: एक हात पोटावर आणि एक माझ्या खांद्यावर, ओठ घट्ट मिटलेले. मला ते पाहवलं नाही. त्याच रात्री मी ठरवलं की रस्ता व्हायचा तेव्हा होवो, मोटार मी दुरुस्त करणार. सकाळी सुतळी घेऊन बैलगाडीच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं, मग मोटारीचं मोजलं. फरक दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं. खामगावला जाऊन जिनिंगच्या लेथवर चार वायसर तासून घेतले, धोतरात बांधले आणि पुढच्या रजेत एसटीने डोणगावला उतरलो. कंडक्टरने गाठोडं उचलून पाहिलं आणि मला मागच्या सीटवरून मधल्या सीटवर बसायला सांगितलं.

मी आलो तो नेमका साहेब येण्याच्या दोन दिवस आधी. मामाजी खुशीत होते. म्हणाले, "बरं झालं आले जवाईबापू. परवा साहेब येऊन राह्यले रस्ता पाह्यले. मोटर जराशी पाहून ठेवसान का?"

आता यात मोटार चालू राहील एवढं पाहा, असा अर्थ होता. मला त्यात ईश्वरी संकेत दिसला.

सुमन मात्र सावध होती. धोतरातलं लोखंड तिने पाहिलं आणि विचारलं, "अप्पाले इचारलं का तुमी?"

"त्याच्यात विचारायचं काय? मोटर पाह्यले त्यायनंच सांगतलं."

"पाह्यले सांगतलं. फाडाले नाही."

"सुमन, एकदा हे बसले ना, तर तुले वाटन आपुन पाळण्यात बसलो."

"रहाटाच्या येळेस बी असंच म्हणत होते," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी आणि गजा मोटार घेऊन डोणगावला कादरभाई मिस्त्रीकडे गेलो. कादरभाई गाड्यांच्या चाकांना लोखंडी पट्टा चढवायचे आणि सवडीने इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांनी वायसर हातात घेतला, उलटसुलट केला, बोटाने भोकं चाचपली. मग चाकाचा जुना बोल्ट दाखवून म्हणाले, "बाबू, चीज तो बढिया बनाई. मगर बोल्ट यहीच रखोगे तो चक्का तुमसे पहले घर पहुंचेगा."

मी हसलो. ते मला माहीत होतं. वायसर जेवढा जाड, तेवढा बोल्ट लांब पाहिजे. नट दोन-चार आट्यांवर लटकून चालत नाही, पुरता बसला पाहिजे. मी खामगावहून लांब बोल्ट आणले होते. कादरभाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. हयातीत त्या दिवशी पहिल्यांदा कुणी माझ्याकडे तसं पाहिलं, म्हणून मी फारच काटेकोर झालो. मोटार जॅकवर घेतली, पण नुसत्या जॅकवर विसंबलो नाही. खाली बाभळीचे ओंडके दिले आणि उरलेल्या चाकांना दगड लावले. जिथे वायसर टेकणार तिथला गंज घासून घासून जागा आरशासारखी केली. कारण मध्ये गंजाची खपली राहिली की ती पुढे झिजते, नट ढिला होतो आणि जावई वर्तमानपत्रात येतो. नट आवळताना एकामागून एक गोल आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक वाकडं बसत नाही. चारही चाकं आवळून झाली तेव्हा दुपार उलटली होती.

"दो मील चलके फिर से कसना," कादरभाई म्हणाले. मग पाना पुसत, "हरिभाऊ को मालूम है ना?"

सुमनपाठोपाठ हा दुसरा इशारा होता. मी म्हणालो, "त्यायले खूश करून टाकतो."

दोन मैलांवर थांबून मी सोळाच्या सोळा नट परत आवळले. त्याची गरज नव्हती, एकही ढिला झाला नव्हता. तरीही आवळले. ज्या माणसाला पुढे इतकं ऐकून घ्यावं लागलं, त्याच्या नावावर हे एवढं तरी असू द्या.

आणि मोटार काय चालली! चारही चाकं दोन्ही चाकोऱ्यांत अशी बसली, की जणू त्या आजोबा-पणजोबांनी याच मोटारीसाठी कोरून ठेवल्या होत्या. गावाजवळचा एक नाला सोडला, तर ना कलणं, ना आपटणं. चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, त्यामुळे मोटार पंगतीत कोपरं पसरून बसलेल्या माणसासारखी दिसत होती, पण चाल राजाची. गजा म्हणाला, "भाऊजी, मी तं झोपलो असतो बे," आणि जीभ चावली, कारण जावयाला बे म्हणत नाहीत.

घरी पोचलो तेव्हा मामाजी शेतात होते. मोटार गोठ्याआड लावली. पहाटेच ते बैलगाडीने डोणगावला निघून गेले. साहेबांना एसटीवर हार घालायचा होता. जाताना गजाला सांगून गेले, मागच्या सीटची गादी काढून ठेव. आम्हाला वाटलं, धुळीने खराब होईल म्हणून सांगितलं असेल. नुसत्या फळीवर साहेब बसवायचे? मला ते बरं दिसेना. मी गादी परत बसवली. वरून सासूबाईंची नवी गोधडीही घातली. मग मी आणि गजा मोटार घेऊन डोणगावला पोचलो.

साहेब एसटीतून उतरले. अंगाने भरलेले, पांढराशुभ्र बुशशर्ट, बगलेत कागदांची फाईल. हार झाला, चहा झाला; या गडबडीत मामाजींनी चाकांकडे पाहिलंच नाही. मामाजी साहेबांबरोबर मागे बसले. बसताना त्यांनी गोधडी चाचपली आणि गजाकडे पाहिलं. मी चालवायला, गजा माझ्या शेजारी. निघता निघता मामाजींनी घरून आणलेला पितळी गडवा काढला आणि काठोकाठ ताक भरून साहेबांच्या हातात दिला. "घ्या साहेब. घरच्या म्हशीचं हाये. वाटेनं प्या." मला वाटलं, काय हे आतिथ्य!

वाट सुरू झाली. मामाजींनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, आता धरून बसा."

"का हो?" साहेबांनी विचारलं.

"कळनच."

पहिला फर्लांग गेला. दुसरा गेला. मामाजी सीट धरून बसले होते. साहेब ताकाचे घुटके घेत खिडकीतून कपाशी पाहत होते. अर्धा मैल झाल्यावर मामाजींनी सीट सोडली. मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. भर पंगतीत आपल्याच पानात मीठ वाढलेलं नाही, हे लक्षात आल्यावर माणूस बघतो, तसे ते गडव्याकडे बघत होते. गडव्यातलं ताक शांत होतं. साहेबांचा बुशशर्ट निघताना होता तसाच पांढरा होता.

"गजा," मामाजी हळूच म्हणाले, "आज मोटर हालत काऊन नाही बे?"

गजा अभिमानाने मागे वळला. "भाऊजीनं वायसर टाकले अप्पा. खामगावाहून घडवून आणले. चाक बरोब्बर चाकोरीच्या मापात."

मामाजींनी पुन्हा गडव्यात डोकावून पाहिलं. साहेब मात्र पुढे झुकले. "वायसर? म्हणजे नेमकं काय केलंत तुम्ही?"

सासुरवाडीला माझ्या कामाबद्दल कुणी आपण होऊन विचारायची ती पहिली वेळ होती. मी सगळं सांगितलं: सुतळी, लेथ, लांब बोल्ट, समोरासमोर आवळलेले नट. सांगताना दोन्ही हात लागतात म्हणून स्टिअरिंग सोडून दिलं. मोटार आपली आपण चालत होती. "पाहा साहेब, हात सोडले. धरायचीही गरज नाही!"

"वा," साहेब म्हणाले. "आमच्या सरकारी जीपमध्ये डांबरी रस्त्यावर हे शक्य नाही."

मागून घशात काही अडकल्यासारखा आवाज आला. तो मामाजींचा होता.

मग ते म्हणाले, "गजा, मोटर चाकोरीच्या भाईर घ्याले सांग. साहेबाले खरा रस्ता पाहू दे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फळीवर बसवलेला साहेब. काठोकाठ ताक. "धरून बसा." या माणसाने चार वर्षं वाट पाहून आज साहेबांना आपटून काढायचा बेत केला होता, एकेक खड्डा तोंडपाठ केला होता, आणि मी साहेबांना पाळण्यात घालून जोजवत होतो. मी स्टिअरिंग धरलं आणि सगळी ताकद लावून उजवीकडे वळवलं. मोटार सरळ गेली. डावीकडे वळवलं. सरळ. वीतभर खोल, दगडासारख्या कठीण चाकोऱ्यांत चारही चाकं जी बसली होती, ती काही केल्या निघेनात. मी अगदी नमुनेदार काम केलं होतं.

"निघत नाही मामाजी," मी म्हणालो.

"गजा," मामाजी म्हणाले, "तुह्या अकलेले कोनं वायसर टाकला बे?"

एवढ्यात देव पावल्यासारखी समोरून महादूची बैलगाडी आली. महादू गावचाच, गाडीत दोन पुरुष उंचीचा कापूस भरलेला. त्या वाटेचा नियम असा, की समोरासमोर आल्यावर रिकाम्या गाडीने चाकोरीतून बाहेर निघायचं आणि भरल्या गाडीला वाट द्यायची. मी ब्रेक लावला. मामाजींचे डोळे चमकले. आता अडणार, साहेब उतरणार, उन्हात उभे राहणार!

महादूने कासरा ओढला आणि विचारलं, "भरेल हाये का रिकामी?"

गजा म्हणाला, "साहेब बसेल हायेत."

"मंग रिकामीच," महादू म्हणाला. "काढा भाईर."

"निघत नाही ना बे. रुतली."

महादूने खाली वाकून आमची चाकं पाहिली. मग फाईल पाहिली आणि त्याला साहेबाची दया आली, का फाईलची भीती वाटली, कोण जाणे. "ऱ्हाऊ द्या. साहेबाले कायले तरास," म्हणून त्याने बैलांच्या पाठीवर थाप मारली. बैलांनी खांद्याचा जोर लावला, सगळी गाडी करकरली आणि कापसाचा तो डोंगर चाकोरीतून वर चढून बाजूला उभा राहिला. मामाजी ओठ दातांत धरून म्हणाले, "महादू, तुह्यं भलं होवो."

"झोप लागली काय त्यायले?" महादूने विचारलं.

आम्ही मागे पाहिलं. साहेबांचं डोकं गोधडीवर टेकलं होतं. रिकामा गडवा मांडीवर उभा होता आणि तोही पडला नव्हता.

पण मामाजींचा हुकमाचा पत्ता अजून शिल्लक होता, तो म्हणजे नाला. गावाच्या अलीकडे मैलभरावर तो नाला लागे. बैल तिथे गुडघे टेकत आणि माणसं नवस बोलत. तिथे माझ्या वायसरचं काही चालणार नव्हतं. मामाजी कुजबुजले, "गजा, नाला आला का साहेबाले उठव."

नाल्याच्या आधी वाट फुटते. डावीकडे गाव, उजवीकडे महादूचं शेत. महिनाभर महादूच्या गाड्या कापूस वाहत होत्या, त्यामुळे उजवीकडची चाकोरी खोल, ताजी, गुळगुळीत. डावीकडची उथळ. काल इथे गजाने उतरून मोटार खांद्याने डावीकडे लोटली होती, आज ते कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे धरून ठेवलं होतं, हे शपथेवर सांगतो. मोटार अदबीने उजवीकडे गेली.

"इकडं काऊन?" मामाजी ओरडले.

"मी नाही जात मामाजी, ती जाते."

मोटार महादूच्या बांधावरून आत शिरली, कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीमधून गेली आणि कापसाच्या गंजीला नाक लावून हळूच उभी राहिली. साहेबांनी डोळे उघडले. "आलं गाव?"

महादूच्या घरचे तिथे ज्वारीचा हुरडा भाजत होते. साहेब दिसल्यावर त्यांनी पोतं अंथरलं, गरम हुरडा पळसाच्या पानावर दिला, वर तिळाची चटणी. साहेबांनी चार पानं हुरडा खाल्ला. मामाजी हात जोडून म्हणाले, "साहेब, गाव अजून म्होरं हाये. मधात नाला हाये. थो नाला एकडाव पाहा. माह्या पोरीचे दिवस भरत आले हो."

हे शेवटचं वाक्य ते इतक्या खालच्या आवाजात बोलले की मी हातातला हुरडा पानावर परत ठेवला.

साहेब पोटावरून हात फिरवून म्हणाले, "हरिभाऊ, आता पुढे कशाला? रस्ता मी पाहिला. लेकीची काळजीच करू नका. असा जावई असताना तुम्हाला रस्ता हवा कशाला?"

परत फिरताना तरी मोटार अडेल, बैल लावून ओढावी लागेल, अशी मामाजींना आशा होती. पण गाड्या वळून वळून महादूच्या गंजीभोवती गोल चाकोरी पडली होती. मोटार त्या चाकोरीने गंजीला एक प्रदक्षिणा घालून तोंड फिरवून उभी राहिली. साहेब म्हणाले, "कमाल आहे."

पंधरा दिवसांनी कागद आला: सदर वाटेने मोटार सुरळीत जाते, प्रवासात कोणताही त्रास आढळला नाही, सबब रस्त्याची मागणी तूर्त दप्तरी दाखल करण्यात येत आहे. त्या दिवशी मी खामगावला होतो. गजा घरी होता. गजाने पुढे मला सांगितलं की अप्पा दुपारी सुरू झाले ते दिवे लागेपर्यंत, मध्ये फक्त पाणी प्यायला थांबले. दुसऱ्या दिवशी मामाजींनी चारही वायसर काढून टाकले आणि परत अर्ज केला. उत्तर आलं, पाहणी झालेली आहे.

मग सुमनचे दिवस भरले. खामगावला मला निरोप मिळाला तो थेट मुलगी झाल्याचाच. मी धावत डोणगावच्या दवाखान्यात पोचलो, तर सुमन खाटेवर उठून बसलेली, मांडीवर लेक, आणि दाराशी उभी असलेली मोटार कोपरं पसरून! मी चाकांकडे पाहत राहिलो.

सुमन म्हणाली, "आठ दिवस झाले, अप्पा सोता मोटर घेऊन कादरभाईकडे गेले होते. चारी बसवून आणले. सांगतलं तं कोनाले नाही."

"आणि नाला?"

"नाल्यात अप्पानं आणि गजानं चार दिवस दगड भरले." मग ती हसली. "खरं सांगू? पोटातलं पाणी बी हाललं नाही."

मी तिथेच रडलो. नर्सने मला बाहेर बसवलं. बाहेर कादरभाई भेटले. म्हणाले, "नट हरिभाऊ ने खुद कसे. आमने-सामने. मैने बोला मैं करता, तो बोले, नहीं, जवाई ऐसाइच करता था."

मला वाटलं, मिटलं. पण बारशानंतर निघताना मामाजींनी मला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला आणि मग गजाने धोतरात बांधलेलं गाठोडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मांडी खाली गेली. "तुमची वस्तू," मामाजी म्हणाले. ते ओझं मी खामगावपर्यंत मांडीवर घेऊन गेलो. कंडक्टर तोच होता.

पुढे सोळा वर्षं मामाजी मला देवासारखे वागवत राहिले आणि गजाला माणसासारखं बोलत राहिले. गजाचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, तो त्या वाटेच्या नावाने ऐकतच होता. आणि मग एकदाचा रस्ता झाला. पक्का, खडी-डांबराचा, गावापर्यंत एसटी. रस्त्याच्या पहिल्या पावसाळ्यानंतर मी, सुमन आणि आमची लेक मामाजींना डोणगावच्या दवाखान्यातून घरी घेऊन येत होतो. एसटीत मामाजी माझ्या शेजारी बसले होते, मागे गजा. पहिल्याच फर्लांगात गाडी एका खड्ड्यात अशी आपटली की मामाजींची टोपी पुढच्या बाईच्या पाटीत गेली. दुसऱ्या खड्ड्यात ते माझ्या मांडीवर आले. तिसऱ्यात मी त्यांच्या.

मामाजींनी सवयीने तोंड उघडून मागे गजाकडे पाहिलं. गजाने सवयीने मान खाली घातली. पण मामाजी थांबले. मग सोळा वर्षांत पहिल्यांदा ते याबाबतीत थेट माझ्याशी बोलले.

"जवाईबापू," ते म्हणाले, "थे वायसर फेकले तं नाही ना?"

"नाही मामाजी. पलंगाच्या चार पायांखाली आहेत."

सुमन तिकडून म्हणाली, "अप्पा, नोका इचारू त्यायले."

तिला उशीर झाला होता. गाडी पुढच्या खड्ड्याजवळ हळू झाली तेव्हा मी खिडकीबाहेर निम्मा वाकलो होतो आणि एसटीच्या चाकाकडे पाहत बोटं मोजत होतो.